एक मयत, एक घर, सहा वाटण्या : सोलापूरच्या विधी वर्गातलं एक प्रकरण

विवाह, घटस्फोट, पोटगी, दत्तक, वारसा या सगळ्यांसाठी सर्व धर्मीयांना एकच कायदा असावा का, हा प्रश्न कौटुंबिक कायदा शिकवणाऱ्याला दरवर्षी भेटतोच. संविधानाचं कलम ४४ सांगतं की राज्याने तसा प्रयत्न करावा. कलम ३७ सांगतं की अशी मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं. एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळतात. सोलापुरातल्या एका विधी महाविद्यालयात मी शिकवते त्या वर्गात मात्र हा वाद आधी पुरता अडला, मग एका गणिताने सुटला आणि शेवटी असल्या एका कलमावर येऊन ठेपला जे आजच्या कुठल्याच धर्माच्या कायद्यात नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

वर्ग कसा होता ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पूर्व भागातली पद्मशाली घरातली एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी. विजापूर वेशीकडची एक मुस्लिम मुलगी. अक्कलकोटकडचा लिंगायत मुलगा, ज्याची आजी फक्त कन्नड बोलते. मोहोळ तालुक्यातल्या मराठा शेतकऱ्याचा मुलगा. बुधवार पेठेतला बौद्ध मुलगा. पारधी समाजातला, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेला एक जण. आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या, ख्रिस्ती कुटुंबातल्या एक बाई, ज्यांना सगळे ताई म्हणत. पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक वैयक्तिक, म्हणजे धर्माप्रमाणे लागू होणाऱ्या कौटुंबिक कायद्याखाली राहणारं माणूस बाकावर बसलेलं होतं. मोठ्या शहरातल्या विधी शाळांनाही असा वर्ग सहज मिळत नाही.

पहिली फेरी

पहिल्या फेरीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बाजूने बोलणाऱ्यांनी शाहबानो खटला, चार बायका आणि तीन तलाक मांडलं. विरोधात बोलणाऱ्यांनी धर्मस्वातंत्र्य, अल्पसंख्याकांची भीती आणि बहुसंख्याकांची दादागिरी मांडली. दोन्हीकडचं बोलणं तयारीचं होतं आणि दोन्हीकडचं बोलणं ऐकलेलं होतं. हात वर करायला सांगितल्यावर थोडे अपवाद सोडता मत धर्माप्रमाणे पडलं.

मुद्द्यांमध्ये जुन्या गोष्टीही होत्या. घटस्फोटित मुस्लिम बाईलाही पोटगी देणारा शाहबानोचा निकाल २३ एप्रिल १९८५ चा. त्यानंतर मुस्लिम घटस्फोटितांसाठी वेगळा १९८६ चा कायदा आला, २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक प्रतीक्षेच्या काळातच करायला हवी. एका दमात तीन तलाक २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरला, २०१९ मध्ये तो गुन्हा झाला. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातल्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी मुस्लिम घटस्फोटितेलाही आहे. हीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. म्हणजे पोटगीपुरता समान कायदा आपल्याकडे आहेच. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्यांना लागू आहे. बाल न्याय कायद्याखाली दत्तक घ्यायला कुठल्याही धर्माची आडकाठी नाही, हे शबनम हाश्मी खटल्यात २०१४ मध्ये ठरलं. वर्गातल्या निम्म्या वादाचं उत्तर कायद्याने आधीच दिलेलं होतं आणि वाद घालणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

फेरी संपता संपता बुधवार पेठेतला मुलगा उठला. "मॅडम, होय का नाही ते नंतर बघू. आधी मसुदा दाखवा की. मसुदा न बघता होय म्हणायचं म्हणजे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करायची." तो कायद्याच्या विरोधात नव्हता. ज्यांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे आणि हिंदू कोड बिल अडल्यानंतर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा ज्यांनी लहानपणापासून ऐकलेला आहे, अशा घरातला तो. त्याला कायदा हवाच होता, फक्त तो वाचून हवा होता. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं.

गणित

दुसऱ्या फेरीला मी भाषणं बंद केली आणि फळ्यावर एक मयत लिहिला. सोलापुरातला यंत्रमागवाला. घर आणि मागचं टॉवेल कारखान्याचं शेड, सगळं स्वकष्टार्जित, किंमत ९६ लाख. मृत्युपत्र नाही. मागे म्हातारी आई, बायको, एक मुलगा, दोन मुली. धर्म लिहिला नाही. प्रत्येकाने आपला सोडून दुसऱ्याचा कायदा लावायचा आणि रुपयांत वाटणी सांगायची.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गातले वारस. प्रत्येकाला १९ लाख २० हजार.

सुन्नी मुस्लिमांच्या हनफी कायद्याने बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे १२ लाख. आईला सहावा, १६ लाख. उरलेले ६८ लाख मुलाला दोन भाग, मुलीला एक भाग या प्रमाणात. मुलाला ३४, मुलींना प्रत्येकी १७.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे (ख्रिस्ती कुटुंबाला हा लागू, आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्या भिन्नधर्मीय जोडप्यालाही) बायकोला तिसरा हिस्सा, ३२ लाख. उरलेले ६४ लाख तीन मुलांत सारखे, प्रत्येकी सुमारे २१ लाख ३३ हजार. आईला काहीच नाही.

त्याच कायद्यातल्या पारशी वारसांच्या प्रकरणाप्रमाणे बायको आणि मुलं यांना सारखे हिस्से, आईला मुलाच्या निम्मा. म्हणजे चौघांना प्रत्येकी सुमारे २१ लाख ३३ हजार आणि आईला १० लाख ६७ हजार.

गोव्यात, जिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आजही चालू आहे, तिथे लग्नानंतरच्या मिळकतीत अर्धा वाटा मुळातच बायकोचा. तो वारसा नव्हे, मालकी. ४८ लाख तिचे. उरलेले ४८ लाख तीन मुलांत, प्रत्येकी १६. आईला इथेही हिस्सा नाही.

उत्तराखंडची समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तिच्यात आई आणि वडील दोघेही पहिल्या वर्गातले वारस आहेत. या कुटुंबात वडील हयात नाहीत, त्यामुळे उत्तर हिंदू कायद्याइतकंच निघतं.

सहा उत्तरं फळ्यावर एकाखाली एक आली तेव्हा वर्गातल्या घोषणा गळून पडल्या. मोहोळचा मुलगा मुस्लिम कायद्याचं गणित करत होता. त्याने तीनदा बेरीज तपासली, कारण त्याला वाटत होतं की काहीतरी चुकलंय. या कुटुंबातल्या मुस्लिम मुलीला १७ लाख मिळतात आणि गोव्यातल्या मुलीला १६. ज्या गोव्याचं उदाहरण समान कायद्यासाठी सगळ्यात आधी दिलं जातं, ज्याचं कौतुक सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये केलं, तिथे मुलीच्या हातात कमी पडतं आणि बायकोच्या हातात चौपट. म्हाताऱ्या आईला हनफी कायद्यात १६ लाख मिळतात, म्हणजे हिंदू कायद्यापेक्षा कमी, पण सहा वाटण्यांपैकी फक्त तिथे तिचा हिस्सा सुनेपेक्षाही मोठा.

यावरून मुस्लिम कायदा बाईला न्याय देतो असं कुणी म्हणू लागलं तर ते मला मान्य नाही आणि वर्गातही मी ते चालू दिलं नाही. सख्ख्या भावाला ३४ आणि बहिणीला १७, हा फरक केवळ ती मुलगी आहे म्हणून आहे. त्याचं समर्थन आजच्या काळात होऊ शकत नाही, मग मुलाने घर चालवायचं आणि मुलीला मेहर मिळतो हे कितीही सांगितलं तरी. पण 'बाईला काय मिळतं' हा एक प्रश्न नाही. आई, बायको आणि मुलगी या तीन वेगळ्या बाया आहेत आणि प्रत्येक कायद्याने यांतली कुणीतरी एक मागे ठेवली आहे. हिंदू कायद्याने सगळ्यांना सारखं दिलं, पण घर उभं करण्यात वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या बायकोला लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या ओळीत बसवलं.

मग मी मयताच्या खिशात एक मृत्युपत्र घातलं: सगळं मुलाला.

हिंदू कायद्यात कलम ३० प्रमाणे ते चालतं. बायको, आई अशा आश्रितांचा पोटगीपुरता दावा सोडला तर ९६ च्या ९६ लाख मुलाचे. भारतीय उत्तराधिकार कायद्यातही चालतं. उत्तराखंडच्या संहितेनेही मृत्युपत्राला अशी मर्यादा घातलेली नाही. हनफी कायद्यात ते चालत नाही: वारसाच्या नावे केलेलं मृत्युपत्र बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय निरुपयोगी, आणि परक्याला द्यायचं तरी तिसऱ्या हिश्श्यापलीकडे देता येत नाही. गोव्यात बायकोचे ४८ लाख कुणी हलवू शकत नाही आणि उरलेल्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, म्हणजे बापाला मनाप्रमाणे द्यायला उरतात फक्त २४ लाख.

हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, हे सगळ्यांना पाठ होतं. महाराष्ट्राने तर तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून का होईना. पण बापाने स्वतः कमावलेल्या घरातून एका कागदाने मुलीला काढून टाकता येतं, या दाराकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते दार मुस्लिम कायद्याने शतकानुशतकं बंद ठेवलं आहे. समान कायदा लिहायचा असेल तर त्यात मुस्लिम कायद्यातून आणि गोव्यातून घेण्यासारखं काय आहे, हे या एका उदाहरणात दिसतं. एक धर्म सुधारलेला आणि बाकीच्यांनी त्याच्यासारखं व्हायचं, अशा समजुतीवर मसुदा उभा राहिला तर तो वाईट मसुदा होईल.

विडी वळणारीचं घर

पद्मशाली मुलीने मयत बदलायला सांगितला. "मॅडम, बाई मेली तर?"

तिची मावशी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. विडी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या दहा हजार घरकुलांची ती वसाहत. तिने दिलेलं उदाहरण असं: विडी वळून घर घेतलेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिची आई जिवंत आहे. नवऱ्याचा भाऊही आहे, त्याने आजवर तोंड दाखवलेलं नाही. बाई मृत्युपत्र न करता वारली तर घर कुणाचं?

हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ सांगतं: दिराचं. स्त्रीच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीवर आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, आणि त्यानंतर तिचे आईवडील. माहेरून वारशाने आलेलं तेवढं मूल नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जातं. तिच्या घामाचं मात्र सासरी जातं. पुरुषाच्या बाबतीत असं काही नाही. त्याचं घर त्याच्या सासू-सासऱ्यांकडे जाण्याची वाटच कायद्यात नाही.

२००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकाल मी त्यांना वाचायला दिला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून मेला, सासरच्यांनी त्या मुलीला बाहेर काढलं, आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसा साठवला. ती वारल्यावर तो पैसा तिला हाकलणाऱ्या घराच्या वारसांना मिळाला. सहानुभूतीने कायदा बदलता येत नाही, असा न्यायालयाचा सूर होता. निकाल कायद्याप्रमाणे बरोबर असेल, तो कायदा मात्र माझ्या लेखी आजच्या घडीला हिंदू कायद्यातलं सगळ्यात लाजिरवाणं कलम आहे.

याच बाईला भारतीय उत्तराधिकार कायदा लावला तर घर तिच्या माहेरच्यांना जातं. मुस्लिम कायद्यात तिच्या आईचा हिस्सा ठरलेला. उत्तराखंडच्या संहितेत आई पहिल्या वर्गात. अक्कलकोटचा मुलगा पहिल्या फेरीत समान कायद्याच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलला होता आणि त्याच्या बोलण्यात सुधारणेची गरज नेहमी दुसऱ्यांना होती. कलम १५ वाचल्यावर तो एवढंच म्हणाला की आपल्याला हा कायदा लागू आहे हेच त्याला नीट माहीत नव्हतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये वीरशैव आणि लिंगायत यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. बौद्ध, जैन आणि शीखही त्यातच येतात. १९५५-५६ चे हिंदू कायदे हीच एक मोठी समान संहिता होती. कितीतरी पंथ, जाती आणि रूढी तिने एका छताखाली आणल्या.

मामा-भाची

सगळं मात्र आणलं नाही. हा भाग सोलापूरसाठी फार महत्त्वाचा आहे.

"माझ्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालंय," पद्मशाली मुलगी म्हणाली. "म्हणजे माझे वडील माझ्या आज्जीचे भाऊ. आमच्यात मान असतो तो." हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हे नातं निषिद्ध आहे, पण रूढी असेल तर चालतं. त्या अपवादावर तिच्या घरातली लग्नं उभी आहेत. मोहोळच्या मुलाकडे मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे, अक्कलकोटकडेही आहे. विजापूर वेशीतल्या मुलीकडे आते-मामे-चुलत भावंडांत लग्न होतं. याउलट विशेष विवाह कायदा, ज्याला आपण धर्मनिरपेक्ष कायदा म्हणतो, त्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत आते-मामे-चुलत-मावस बहिणी आहेत. उत्तर भारतातल्या चालीरीती डोळ्यांसमोर ठेवून 'समान' यादी केली तर सोलापूरचे हिंदू आणि मुसलमान दोघेही एकाच वेळी कायद्याबाहेर जातील. उत्तराखंडच्या संहितेतही अशी यादी आहे. तिथे रूढीला सवलत आहे, पण ती सार्वजनिक धोरण आणि नीतिमत्तेविरुद्ध नसावी, या अटीवर. कुणाची नीतिमत्ता, हे ठरवणारा अधिकारी डेहराडूनचा असेल की दाजी पेठेतला, यावर उत्तर बदलेल.

रक्ताच्या नात्यात लग्नं कमी व्हावीत असं मला वैद्यकीय कारणांसाठी वाटतं. तरी होऊन गेलेली लग्नं आणि त्यातली मुलं यांना कुठल्याही मसुद्याने हात लावता कामा नये. वर्गात यावर कुणाचं दुमत नव्हतं.

वगळलेले

उत्तराखंडच्या संहितेने अनुसूचित जमातींना वगळलं आहे. हिंदू विवाह आणि उत्तराधिकार कायदेही त्यांना आपोआप लागू होत नाहीत. आदिवासींच्या रूढी जपायच्या तर हे बरोबरच, असं वर्गातल्या बहुतेकांचं मत. पारधी मुलगा तोवर बोललेला नव्हता.

तो म्हणाला की त्याच्या बहिणीचं काडीमोडीचं प्रकरण पंचायतीपुढे चाललं, दंड तिच्याच बापाला बसला आणि कोर्टात जायचं तर कुठल्या कायद्याने हेच वकिलाला सांगता येईना. "आम्हाला वगळलं म्हणत्यात, पण वगळल्या जात्यात आमच्या बायका." २०२२ च्या कमला नेती निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच दुखणं मांडलं होतं: बिगर-आदिवासी मुलीला समान हिस्सा मिळतो, आदिवासी मुलीला का नाही, याचा केंद्राने विचार करावा. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, पण तो वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. वारसा तो देत नाही.

ज्यांच्या भल्यासाठी सवलत दिली असं आपण म्हणतो त्यांना विचारायला हवं, आणि त्यांच्यातल्या बायकांना आधी. मुस्लिम समाजाबद्दलही हेच खरं आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या आणि त्यांच्या मागण्यांत सर्वांना समान कायदा ही मागणी होती. विजापूर वेशीतल्या मुलीने हे आधी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या फेरीत बाजूने बोलणाऱ्यांपैकीही कुणी ऐकलेलं नव्हतं.

ताईंनी दुसरा रस्ता दाखवला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पत्नीला नुसत्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे, त्याला क्रूरता किंवा परित्याग जोडावा लागे. नवऱ्याला मात्र व्यभिचार पुरे. २००१ मध्ये हे बदललं, आणि त्यामागे ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटना होत्या, न्यायालयांचे निकाल होते, चर्चमधल्या बैठका होत्या. एकेक कायदा आतून दुरुस्त करत जाणं, हे २१ व्या विधी आयोगानेही ऑगस्ट २०१८ च्या सल्लामसलत पत्रात सुचवलं होतं; समान संहिता या घडीला आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, असं त्यात म्हटलं आहे. मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. आतून दुरुस्ती व्हायला १८६९ पासून २००१ उजाडलं. एवढी वाट कुठल्या मुलीने बघायची?

संविधान सभेतली २३ नोव्हेंबर १९४८ ची चर्चाही आम्ही वाचली. बाबासाहेबांनी त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, १९३७ पर्यंत मुंबई प्रांतासह बऱ्याच भागांत मुसलमानांच्या वारशाला मोठ्या प्रमाणात हिंदू कायदाच लागू होता, तेव्हा वैयक्तिक कायदा अनादि काळापासून न बदललेला आहे हे खरं नाही. दुसरी, सुरुवातीला संहिता फक्त ज्यांनी ती स्वीकारल्याचं जाहीर केलं त्यांनाच लागू करता येईल. बाजूच्यांनी पहिली उचलली, विरोधकांनी दुसरी. दोन्ही एकाच भाषणात आहेत.

मसुदा

शेवटच्या फेरीत वर्गाने स्वतः कलमं लिहिली. मुलगा-मुलगी समान, आईवडील पहिल्या वर्गात, स्त्रीच्या मिळकतीला पुरुषाच्याच मिळकतीचे नियम: हे लवकर ठरलं. लग्नानंतरच्या कमाईत बायकोचा अर्धा वाटा, यावर मोहोळचा मुलगा शेतजमिनीसाठी अडून बसला. सातबाऱ्यावर सुनेचं नाव लागलं तर तुकडे पडतील, हे त्याचं म्हणणं. जमीन वगळून ते कलम मंजूर झालं. मला ते वगळणं पटलेलं नाही, कारण मोहोळमध्ये जमिनीशिवाय दुसरी मिळकत असते किती?

एकपत्नीत्व सगळ्यांनी मान्य केलं, मुस्लिम मुलीनेही. तिने फक्त विचारलं की आज जी दुसरी बायको आहे तिचं काय. मुस्लिम कायद्यात ती कायदेशीर पत्नी आहे, हिंदू कायद्यात ती कुणीच नाही. हिंदू पुरुषाने पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर त्या बाईला निदान पोटगी मिळावी, यासाठी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात प्रकरण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तिच्या मागणीवरून मसुद्यात संक्रमणाचं कलम आलं: कायदा लागू होण्याआधीच्या कुठल्याही धर्मातल्या दुसऱ्या पत्नीला पोटगी आणि राहत्या घराचा हक्क, मुलांना पूर्ण वारसा.

मृत्युपत्राची मर्यादा निम्म्यावर ठरली, तीही मतदानाने, आणि मत धर्माप्रमाणे पडलं नाही. मुलगे बहुतेक एका बाजूला, मुली दुसऱ्या.

मग मुस्लिम मुलीने ते कलम मांडलं ज्यावर सगळं थांबलं. "माझ्या अम्मीला नानाच्या घरातून शरियतनं दिलेला अर्धा हिस्साबी मिळाला नाही. मामूनं ईदला साडी दिली, कागदावर सही घेतली, झालं. तुम्ही समान करून दिलं तरी सही घेणारच की." मोहोळच्या मुलाने मान हलवली. त्याच्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड पत्र दिलेलं आहे आणि दिवाळीला साडी-चोळी होते. तहसीलमध्ये वारस नोंद लावताना मुलींची नावं लागतात आणि लगेच हक्कसोडाने निघून जातात, हे वकिली करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माहेर तुटेल ही भीती सही करवून घेते. कायदा कुठल्याही धर्माचा असो, शेवटचा कागद हाच असतो.

तिचं कलम असं: वारस म्हणून मिळालेला हिस्सा मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत विनामोबदला सोडून दिला तर ते हक्कसोड पत्र रद्दबातल, त्यानंतरही सोडायचा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने त्या स्त्रीशी एकांतात बोलून हिश्श्याची किंमत तिला आकड्यात सांगितल्याचा दाखला जोडावा.

बौद्ध मुलाने पाठिंबा दिला. मोहोळच्या मुलाचा विरोध: स्वखुशीने देणाऱ्या बहिणीला सरकारने का अडवावं? पद्मशाली मुलीने विचारलं की मग भाऊ कधी स्वखुशीने का सोडत नाही. अक्कलकोटच्या मुलाने तीन वर्षांऐवजी एक वर्ष सुचवलं. पारधी मुलाला वकिलाच्या दाखल्यापेक्षा प्रतिज्ञापत्र न्यायाधीशासमोर झालेलं हवं होतं, कारण वकील भावाच्याच ओळखीचा निघतो.

मी तीन वर्षांच्या बाजूने आहे. फेरफार मंजूर होणं, भावांच्या आपसातल्या वाटण्या होणं, घर विकलं जाणं हे सगळं साधारण पहिल्या एक-दोन वर्षांत उरकतं. मुलीचं नाव तेवढा काळ उताऱ्यावर टिकलं तर तिला विचारल्याशिवाय पुढचा व्यवहार होत नाही. मतदानात हे कलम बरोबरीत अडकलं. एक वर्ष आणि तीन वर्षं असे दोन्ही पर्याय कंसात ठेवून मसुदा तसाच पुढच्या तुकडीला वाचायला दिलेला आहे.